पावणेदोन कोटींची गाडी आणि आखडलेली कंबर

मध्यंतरी एका रविवारी सकाळी आमच्या गावचाच एक मुलगा दवाखान्यात आला. आला म्हणजे दाराची चौकट धरून, कंबरेत वाकून, एकेक पाऊल जपून टाकीत आत शिरला. मुलगा म्हणतो ते सवयीने. वय पस्तिशीचे, पुण्यात स्वतःचा व्यवसाय, सारे उत्तम. मागे आई, तिच्या चेहऱ्यावर काळजी आणि थोडा रागही.

"डॉक्टरसाहेब, याला तुम्हीच सांगा आता. इतके पैसे घालून गाडी घेतली, आणि उतरताना दोघांनी हात धरून बाहेर काढावं लागलं."

"काका," तो ओशाळून हसला, "पावणेदोन कोटींची गाडी आहे. पुण्याहून साडेचार तासांत आलो, मध्ये कुठे थांबलोसुद्धा नाही. पण कंबर अशी झाली आहे की एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून आलोय."

तपासले. पाय सरळ वर उचलून पाहिला, बोटांतली ताकद पाहिली, मुंग्या कुठे येतात का ते विचारले. शीर दबल्याची काही खूण नव्हती. कंबरेचे स्नायू मात्र दोरखंडासारखे ताठ. शेक, साध्या गोळ्या आणि अंथरूण न धरता हिंडतेफिरते राहण्याचा सल्ला दिला. (पायात खालपर्यंत जाणारी कळ, जांघेतल्या भागाला बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काही असते तर मी शेकावर भागवले नसते, तसे कोणाला झाले तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.) आणि मग, खरे सांगायचे तर कुतूहलापोटी, त्याला म्हटले, "चल, तुझी गाडी दाखव."

गाडी जर्मन बनावटीची, स्पोर्ट्स कार म्हणतात त्या जातीची. नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा किती आणि चालवणाऱ्याचा किती हेच तर सांगायचे आहे. दवाखान्यासमोर ती उभी होती आणि भोवती पंधरावीस पोरे. मी आत बसायला गेलो. बसलो कसला, घसरत खाली गेलो! सीट जमिनीपासून वीतदीड वीत वर असेल. दोन्ही बाजूंनी तिचे उंच कडे मांड्यांना आणि बरगड्यांना कवटाळून बसले. आत गेल्यावर मात्र बरे वाटले, हे कबूल करतो. उतरताना आधी डावा हात, मग उजवा गुडघा, मग "अरे, जरा हात दे," असा प्रकार झाला आणि पोरांची करमणूक झाली.

ही सीट अशी का असते? आपण घोंगडी टाकून पाट मऊ करतो, मग ज्यांना पैशाची ददात नाही त्यांनी इतकी आवळ आणि कडक बैठक का करावी? याचे उत्तर वळणात आहे. चांगल्या टायरांची वेगवान गाडी जोरात वळते तेव्हा आतल्या माणसाला बाजूला लोटणारा रेटा त्याच्या वजनाइतका होऊ शकतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० किलोंनी कोणीतरी कुशीतून ढकलते आहे असे समजा. सपाट, गुळगुळीत सीटवर तो माणूस स्टिअरिंगला लोंबकळेल, आणि ज्या हातांनी गाडी वळवायची तेच हात आधार शोधण्यात गुंततील. म्हणून सीटनेच त्याला धरून ठेवायचे. इंग्रजीत या सीटला बकेट सीट म्हणतात, म्हणजे बादली. आणि माणूस खरोखरच बादलीत बसवल्यासारखा बसतो.

या बैठकीचा इतिहास मोठा मजेदार आहे. जर्मनीत श्टुटगार्टला रॉयटर नावाचे गाड्यांचे सांगाडे बांधणारे जुने घराणे होते. पोर्शेच्या पहिल्या नामांकित ३५६ गाडीची बॉडी तेच बांधत. १९६३ च्या सुमारास तो बॉडी बांधण्याचा कारखाना पोर्शेने विकत घेतला. उरलेल्या मंडळींनी रॉयटर आणि कॅरोसरी या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून रेकारो हे नाव घेतले आणि फक्त सीट करायचे ठरवले. १९६५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात त्यांनी आपली स्पोर्ट्स सीट मांडली. गाडीची सीट हीही वेगळी विकत घेण्याची वस्तू आहे, हे लोकांच्या मनात ठसवण्यात या मंडळींचा वाटा मोठा. (अशा नामांकित कंपनीच्या मोटारसीट विभागावरही २०२४ साली दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली, हा काळाचा महिमा.)

शर्यतीच्या जवळ जाणाऱ्या गाड्यांनी तर शिंप्यासारखी मापे घेतली. १९८७ साली निघालेल्या फेरारी एफ-४० या गाडीला सीट तीन मापांत मिळे. इंग्लंडच्या मॅक्लारेनने १९९२ साली एफ-१ नावाची गाडी आणली. तीत चालकाची सीट बरोबर मध्यभागी, आणि ती सीट, पेडल आणि स्टिअरिंग गिऱ्हाइकाच्या अंगाच्या मापाने बसवून देत. अशा गाड्या शंभराच्या थोड्या पुढे बनल्या. तेव्हा ते शहाणपण सर्वांना परवडणारे नव्हे, पण मला त्यातला विचार पटतो. पायातली चप्पल आपण मापाची घेतो, आणि ज्या बैठकीवर पाचपाच तास बसायचे ती सर्वांना एकच!

आता कंबरेकडे येऊ. उभे असताना आपल्या कंबरेला आतल्या बाजूला एक बाक असतो. बसलो की मांडी वर येते, कटीचे हाड मागे कलते आणि तो बाक सपाट होतो, कधी उलटाही होतो. १८८४ साली श्टाफेल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी खुर्चीच्या पाठीला कंबरेपाशी आधार हवा असे सांगितले. स्वीडनच्या ऑकरब्लोम यांनी १९४८ साली त्यावर प्रबंधच लिहिला. १९५३ साली कीगन या अमेरिकन डॉक्टरांनी वेगवेगळ्या बैठकींत क्ष-किरण चित्रे काढून दाखवले की, मांडी आणि धड यांतला कोन काटकोनापेक्षा बराच मोकळा असला की कणा आपल्या स्वाभाविक बाकाच्या जवळ राहतो. शाळेत मास्तर "ताठ बस, काटकोनात बस" म्हणत, ते शिस्तीसाठी ठीक; कण्याला ते तितकेसे मानवत नाही.

पुढचे काम स्वीडनच्या गोटेनबर्गमध्ये झाले. नाकेमसन आणि अँडरसन या मंडळींनी स्वयंसेवकांच्या कंबरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. १९७४ साली त्यांनी हाच प्रयोग मोटारचालकाच्या सीटवर केला. पाठ मागे कलती, साधारण १२० अंशांवर, आणि कंबरेपाशी पाच सेंटिमीटरचा आधार असला की चकतीवरचा दाब आणि स्नायूंचे काम दोन्ही सर्वांत कमी आढळले. क्लच दाबताना दाब वाढत असे, हेही त्यांनी नोंदले. मुंबईपुण्याच्या गर्दीत क्लच दाबून दाबून थकलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

पण इथे एक खुलासा केला पाहिजे. बसण्याने उभे राहण्यापेक्षा चकतीवर फार जास्त दाब येतो, असे आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षे रुग्णांना सांगत आलो. मीही सांगितले आहे. १९९९ साली जर्मनीत उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनाने एका निरोगी माणसाच्या चकतीतला दाब चालता-बसता-झोपता मोजला, तेव्हा सैल बसलेल्या स्थितीतला दाब उभे राहण्यापेक्षा काही जास्त भरला नाही, उलट किंचित कमीच निघाला. एका माणसावरचा प्रयोग तो, त्यावर सारी इमारत उभारू नये. तरी मला त्यातून एवढे पटले की, एखादी बैठक वाईट म्हणून कंबर दुखते असे म्हणण्यापेक्षा, कोणतीही बैठक न हलता धरून ठेवली म्हणून दुखते, असे म्हणणे अधिक खरे. माझ्या या पेशंटने साडेचार तास तेच केले. आणि त्याची सीट तर हलू देतच नव्हती! वळणात धरून ठेवणारे ते कडे सरळ रस्त्यावरही सोडत नाहीत. आपण साध्या खुर्चीवर बसलो तरी नकळत कूस बदलतो, एका बुडावरून दुसऱ्यावर भार टाकतो. बादलीत बसलेल्याला ती सोय नाही.

भारी गाड्यांच्या कारखानदारांना हे कळत नाही असे नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी बी.एम.डब्ल्यू.ने आपल्या मोठ्या गाडीत एक गमतीदार सीट दिली होती. बैठकीच्या गादीत डाव्या-उजव्या अशा दोन पिशव्या, त्यांत पाणी आणि गोठू नये म्हणून मिसळलेला द्रव. एक पंप तो हळूहळू एकीतून दुसरीत ढकली, म्हणजे माणसाचा एक कुल्ला थोडा वर, मग दुसरा. माणूस नुसता बसलेला, पण कंबर चालल्यासारखी किंचित हलती. मला ही कल्पना मालिशवाल्या सीटपेक्षा कितीतरी सरस वाटते. मर्सिडीजने हवेच्या पिशव्या घातल्या आणि गाडी ज्या बाजूला झुकेल तिकडचा कडा तेवढ्यापुरता फुगेल अशी योजना केली. म्हणजे वळणात धरा, सरळ रस्त्यावर सोडा. स्पोर्ट्स कार आणि आरामगाडी यांचे भांडण मिटवण्याचा हा मला तरी सर्वांत समजूतदार मार्ग वाटतो. पण त्याचेही पैसे वेगळे, आणि शोरूममध्ये लोक कातड्याचा रंग निवडण्यात अर्धा तास घालवतात आणि सीटवर दोन मिनिटे बसून पाहतात. दोन मिनिटांत सोफासुद्धा सुखाचा वाटतो. सीटची परीक्षा तिसऱ्या तासाला होते. पहिल्याच मिनिटाला गादीसारखी खाली खचणारी सीट तिसऱ्या तासाला दगा देते आणि सुरुवातीला कडक वाटलेली बरेचदा शेवटपर्यंत साथ करते, असा माझा अनुभव आहे.

हादऱ्यांचेही सांगितले पाहिजे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो. झोक्याला योग्य वेळी ढकलले की तो जसा वाढतो तसे. वेगवान गाड्यांच्या स्प्रिंगा कडक, टायरांच्या बाजू बुटक्या, आणि हलकेपणासाठी केलेल्या कार्बनच्या सीटमध्ये गादी बोटभर जाडीची. जर्मनीच्या गुळगुळीत आउटोबानवर हे चालून जाते. आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांबद्दल याच अंकात दुसऱ्या पानावर नेहमी लिहून येते. मी पुन्हा लिहीत नाही.

आणि ते चढणे-उतरणे! चाळिशी ओलांडलेल्याला, गुडघे झिजलेल्याला इतक्या खाली बसणे म्हणजे उठाबशाच. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला तर सुरुवातीचे काही महिने आम्ही खोल, खालच्या बैठकीवर बसू नका असे बजावतो. अशी गाडी घेण्याइतका पैसा हाती येईतो पुष्कळांचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात. पोर्शेने २००२ साली उंच बैठकीची केयेन काढली तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. २०२२ साली खुद्द फेरारीनेही चार दारांची, उंच बैठकीची पुरोसांग्वे आणली. कारखानदार याची कारणे काहीही देवोत, एक डॉक्टर म्हणून मला त्यात गिऱ्हाइकांचे गुडघे दिसतात.

पुन्हा आमच्या पेशंटकडे. त्याच्या सीटला डझनावारी हालचाली, साऱ्या विजेवर. मी विचारले, "यातली किती बटणं तू वापरतोस?" म्हणाला, "पुढे-मागे आणि पाठ. बाकीची बघायला वेळ कुठे झाला?" पाठ त्याने आरामखुर्चीसारखी मागे लोळवलेली, म्हणून स्टिअरिंग धरायला खांदे पुढे काढलेले आणि मान वाकलेली. कंबरेचा आधार कोणीतरी पूर्ण फुगवून ठेवलेला, तो मणक्यात मुठीसारखा रुतत होता. आणि मागच्या खिशात पैशांचे पाकीट, चांगले दीड इंच जाडीचे! पावणेदोन कोटींची सीट आणि खाली पाकिटाची वीट. त्याच्यावर बसून कुल्ल्यातली शीर दुखावल्याचे रुग्ण आम्हाला नवे नाहीत.

मग दवाखान्यासमोरच आम्ही सीट लावायला बसलो. आधी बूड अगदी मागे टेकवायचे. सीटची उंची अशी की खुबे गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर राहतील. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. गादीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची खळी यांत दोन-तीन बोटे जागा, नाहीतर पायाचे रक्त अडते. पाठ शंभर ते एकशेदहा अंशांच्या दरम्यान. खांदे न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. स्वीडनच्या मंडळींचे १२० अंश चकतीला चांगले, पण रस्ता पाहायचा असतो आणि स्टिअरिंगही हाती धरायचे असते! छाती आणि स्टिअरिंग यांत किमान दहा इंच अंतर, कारण आत एअरबॅग आहे. डोक्यामागची उशी डोक्याच्या टोकापर्यंत आणि डोक्याच्या जवळ; ती डुलकीसाठी नसून मागून धडक बसली तर मान वाचवण्यासाठी आहे. कंबरेचा आधार सर्वांत शेवटी, आणि तो नुसता जाणवेल इतकाच. पाकीट समोरच्या कप्प्यात गेले. मुलगा म्हणाला, "काका, हे शोरूमवाल्यानं का नाही सांगितलं?" माझेही तेच म्हणणे आहे. गाडी हवाली करताना नारळ फोडतात, फोटो काढतात. त्यातली वीस मिनिटे सीट लावून देण्यात घालवली तर काय बिघडेल?

आणि तासा-दीड तासाने थांबून पाच मिनिटे चालायचे, हे त्याला आईसमोर कबूल करायला लावले. हे फक्त कंबरेसाठी नव्हे. चार तासांहून जास्त प्रवास न हलता केला तर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात आहे. निरोगी माणसात तो मुळात थोडाच. पण वाहन विमान आहे, बस आहे की भारी मोटार, हे गुठळीला कळत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. याच घरातल्या वडिलांकडे एक मोठी आलिशान गाडी आहे, मागच्या सीटवर पाय पसरून बसण्याची. आपल्याकडे अशा गाड्यांचे सारे लाड मागच्या बाजूला. लांब सांगाड्याची मर्सिडीज ई-क्लास २०१७ पासून चाकणला बनते, ती मागे बसणाऱ्या मालकासाठीच. त्यांचा ड्रायव्हर गेली सहा वर्षे माझा पेशंट आहे. कंबर कायमची धरलेली. मी त्याला पट्टा दिला, व्यायाम दिले, दोनदा फिजिओथेरपीला पाठवले आणि दर वेळी "बसायची पद्धत सुधारा" असे सांगून मोकळा झालो. तो कशावर आणि कसा बसतो हे सहा वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते, याची मला लाज वाटते. त्या रविवारी विचारले.

तर प्रकार असा. मालक उंच, सहा फुटांच्या आसपास. ड्रायव्हर सव्वापाच फुटांचा. मालक रविवारी हौसेने स्वतः गाडी चालवतात, म्हणून सीट त्यांच्या मापाला लावलेली. "साहेबांची सेटिंग मोडायची नाही," असे त्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितलेले. साहेबांनीच सांगितले होते असेही नाही. त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला आठ-आठ तास, तो सीटच्या पुढच्या कडेवर बसून पायाच्या चवड्यांनी पेडल गाठत होता. पाठ टेकलेलीच नाही! जगातल्या उत्तम सीटपैकी एक त्याच्या मागे रिकामी, आणि तो तिच्या काठावर. युरोपात २००२ पासून कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांच्या मर्यादा कायद्याने ठरवल्या आहेत. आपल्याकडे गाडी घासूनपुसून ठेवणाऱ्याला सीट सरकवण्याची परवानगी आहे की नाही, इथूनच सुरुवात.

यावर खर्च शून्य आहे. अशा गाड्यांच्या दारावर सीटच्या आकाराचेच बटण असते. मर्सिडीजने १९७९ च्या सुमारास ही युक्ती काढली. बटणाचा जो भाग जसा ढकलावा तशी सीट हलते, अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे असे. त्याच्याच शेजारी एक, दोन, तीन अशी आठवणीची बटणे असतात. एकदा आपले माप साठवले की पुन्हा एक बोट दाबायचे, सीट आपल्या जागी येते. एक नंबर मालकांचा राहू द्या. दोन नंबर ड्रायव्हरला द्या. ज्यांच्या गाडीला ही बटणे नाहीत त्यांनी सीटखालच्या दांड्यालाच हात लावू द्यावा आणि रविवारी आपली आपण सरकवून घ्यावी. माझ्या या म्हणण्याला आमचे एक स्नेही हसले. म्हणाले, "डॉक्टर, सीट लावून दिली की उद्या ए.सी. मागतील." मागू देत! माझ्याकडे येणारे सांगतात की मालक खाली उतरले की ए.सी. बंद करून उन्हात थांबायचे असते, आणि मे महिन्यात चामड्याची सीट तव्यासारखी तापते.

मुलाची कंबर चार दिवसांत सुटली. जाताना त्यानेच वडिलांच्या गाडीत बसून ड्रायव्हरचे माप दोन नंबरवर साठवून दिले, आणि वडिलांना तसे सांगितले. वडील म्हणाले, "अरे, मला काय ठाऊक! त्यानं कधी सांगितलंच नाही." तेही खोटे नसावे.

गेल्या मंगळवारी ड्रायव्हर गोळ्या न्यायला आला होता. कंबर अजून दुखते. सहा वर्षांचे दुखणे दोन आठवड्यांत जात नाही, हे मी त्याला सांगितले. पण आदल्या दिवशी नाशिकला जाऊन आला तेव्हा उतरताना दार धरावे लागले नाही, असे म्हणाला. गोळ्याही या खेपेला पंधरा दिवसांऐवजी आठच दिवसांच्या मागितल्या.